दुहेरी भिंतीची टोपली

ऑगस्ट अर्धा सरला की सौदीतल्या धाहरानमध्ये घराचं दार उघडताक्षणी चष्म्यावर वाफ धरते. जूनमधली कोरडी भट्टी एक वेळ परवडली, पण समुद्रावरून येणारी ही दमट हवा अंगाला अशी चिकटते की दारापासून गाडीपर्यंत जायचंही जिवावर येतं. मी दरवर्षी तिला यथेच्छ शिव्या घालते. इथली जुनी माणसं मात्र तिच्याबद्दल वावगा शब्द काढत नाहीत. ही हवा खजूर शिजवते, असं ती म्हणतात. आणि खरंच शिजवते हो! आम्ही राहतो त्या तेलकंपनीच्या कॅम्पातल्या रस्त्यांच्या कडेच्या झाडांवर जुलैपर्यंत सुपारीसारखे कडक, पिवळेधमक घड लटकत असतात. ही हवा सुटली की एकेक फळ टोकाकडून तपकिरी होऊ लागतं. अर्धं करकरीत, अर्धं मधात बुडवल्यासारखं. इतकी वर्षं पाहतेय, तरी मी त्या झाडांखाली मान वर करून उभी राहते. ज्या हवेत मला दहा पावलं चालवत नाहीत, त्याच हवेत एवढा गोडवा तयार होतो, हे मला अजून नीटसं पचलेलं नाही.

या दिवसांत माळी घडांना जाळीच्या पिशव्या बांधतात आणि सुकलेल्या झावळ्या छाटून रस्त्याकडेला रचतात. त्या ढिगाचा वास नाकात गेला की मला ते एकच वर्ष आठवतं. बाबांनाही आठवत असणार, कारण याच सुमाराला नाशिकहून त्यांचा फोन येतो. "संगे, पिकला का गं तुमचा खजूर?" जावयाची, नातीची खुशाली नंतर. आधी खजूर.

माझे वडील बुरूड. सूप, रोवळी, टोपली, परडी, दुरडी, कोंबड्या झाकायचं डालगं, धान्याची कणगी, जे जे बांबूचं ते ते त्यांच्या हातचं. पाचवीच्या पूजेला बाळाला ज्या सुपात निजवतात ते आमच्या घरून जायचं, आणि माणूस गेला की तिरडीचे बांबूही आमच्याच घरून जायचे. "आमच्या सुपात येतो आणि आमच्या तिरडीवरून जातो, मधलं तेवढं त्याचं त्यानं बघावं," असं बाबा हसत म्हणायचे. मला त्यात हसू येत नसे. सहावीत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा वारले, आणि बाबांबरोबर दोरीचं बिंडं घेऊन मीही त्यांच्या दारात गेले होते. सोमवारी शाळेत ती मुलगी माझ्या शेजारून उठली आणि दोन बाक सोडून बसली. भांडली नाही. नुसती उठून गेली. त्या रिकाम्या जागेवर मी वर्षभर दप्तर ठेवत होते.

म्हणून लग्नानंतर इथं आल्यावर, पहिल्याच हळदीकुंकवाला कुणीतरी माहेरची चौकशी केली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांचा बांबूचा बिझनेस आहे." खोटं नव्हतं. पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गोदाम आणि ट्रक उभे राहिले, आणि मी ते राहू दिले. झाकली मूठ सव्वा लाखाची. नितीन, माझा नवरा, आमच्याच जातीतला. त्याला याचं काही वाटत नसे. "सांगून टाक की, कोण खातंय तुला," म्हणायचा. मी दहा वर्षं मूठ झाकून बसले. आमच्या सईलासुद्धा आजोबा म्हणजे 'बँबू बिझनेसवाले' एवढंच माहीत होतं.

आणि मग त्या वर्षीच्या हिवाळ्यात वांडानं टोपल्यांचा वर्ग काढला.

वांडा आमच्या मागच्या गल्लीत राहायची. साठीची, बुटकी, रुंद मनगटांची, हसताना आवाज न करणारी बाई. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची, चेरोकी जमातीची, नवरा ड्रिलिंगमध्ये. कॅम्पातल्या हॉलमध्ये आम्ही आठजणी तिच्याभोवती बसलो. पाण्याच्या टबात भिजत घातलेल्या, दोरीसारख्या बारीक वेलींची वेटोळी तिनं बाहेर काढली आणि काढता काढता सांगितलं, की तिच्या लोकांचा मूळ मुलूख पूर्वेकडच्या डोंगरांत होता. तिथं नदीकाठी बांबूसारख्या वेताची बेटं असायची, त्याच्या टोपल्या होत. पुढे सरकारनं त्यांना तिथून हुसकावलं आणि चालवत पश्चिमेला नेलं. कितीतरी माणसं वाटेतच गेली. नव्या जागी तशी बेटं हाताशी मिळेनात. मग बायका रानात हिंडल्या, जमिनीवर सरपटणाऱ्या वेली शोधल्या, त्या उकळल्या, साली काढल्या आणि जुनीच वीण नव्या वेलीत विणली. हे सगळं ती वरणाला फोडणी कशी द्यावी हे सांगावं तशा आवाजात सांगत होती. माझ्या अंगावर मात्र काटा आला. घरदार, शेत, नदी, सगळं मागे टाकून जाताना माणूस बोटांत काय काय घेऊन जातो!

आम्ही विणायला बसलो. खुर्च्यांवर, टेबलाशी, समोर कागदी रुमाल. टोपलीचा तळ धरायचा म्हणजे आठ काड्या एका वेळी ताब्यात ठेवायच्या. एक धरली की दुसरी सुटते. सगळ्यांचा हशा चालला होता. मी किती वेळ झगडले कोण जाणे. भानावर आले तेव्हा मी खुर्ची सोडून खाली फरशीवर बसलेली होते, चप्पल बाजूला निघाली होती आणि तळाच्या काड्या पायाच्या अंगठ्याखाली गच्च दाबलेल्या. दोन्ही हात मोकळे होते आणि भराभरा चालत होते.

बुरडाच्या घरी वाढलेल्या माणसाशिवाय ही चूक कुणी करणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ माझ्या अंगठ्यात बसला होता. बाकीच्या आपापल्या काड्यांशी भांडत होत्या. वांडानं मात्र पाहिलं.

"हे कुणी शिकवलं तुला?" तिनं हळूच विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले आणि चप्पल घातली.

तिनं पुन्हा विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये व्हिजिट व्हिसावर बाबा आले. आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्या घरात ते एकटे बसून असतात हे मला बघवत नव्हतं. दम्माम विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यावर ते म्हणाले, "पोरी, ही हवा हाय का काय हाय?" पिशवीत माझ्यासाठी चिवडा, सईसाठी झबलं (ती नऊ वर्षांची आहे हे ते विसरले होते) आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली त्यांची सुरी. चाळीस वर्षं घासून घासून पातं बोटभर उरलेलं.

चार दिवस ते एसीत बसून भिंतीकडे बघत होते. सई 'हाय आजोबा' म्हणून शाळेला जायची आणि 'बाय आजोबा' म्हणून क्लासला. पाचव्या दिवशी सकाळी उठून पाहते तर ते पुढच्या अंगणात उकिडवे बसलेले. माळ्यांनी टाकलेली एक झावळी ओढून आणली होती, पानं काढून मधला दांडा मोकळा केला होता. टोकाला सुरीची चीर दिली, सुरी जराशी वळवली, आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ फाटत गेला. चीर एका बाजूला कलायला लागली की ते जाड बाजूला किंचित वाकवत आणि चीर आपोआप मध्यावर येई. आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते ते खजुराचं लाकूड! पण त्याची पाठ कुठली, पोट कुठलं, हे त्यांच्या अंगठ्यानं आधीच ओळखलं होतं.

मी ते बघत उभी राहायला हवं होतं. पण समोरच्या रस्त्यानं वैद्य वहिनी फिरायला येताना दिसल्या. आमच्या मराठी मंडळाच्या त्या आधारस्तंभ.

"बाबा, इथं नको," मी म्हणाले. "लोक येतात-जातात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत त्यांना दहा वर्षांचं सगळं कळलं असावं.

"बरं," म्हणाले. खाली पडलेले छिलके त्यांनी स्वतःच्या हातानं गोळा केले, एकेक करून, आणि आत गेले.  त्या 'बरं'ची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटतच राहावी असं मला वाटतं.

दोन दिवसांनी वांडा ताजा खजूर घेऊन आली. स्वयंपाकघराच्या मागे, धुण्याच्या मशिनवर तिला एक वीतभर परडी दिसली. बाबांनी दार लावून घेऊन केलेली. वांडानं ती उचलली, उलटी केली, काठावरून अंगठा फिरवला. "माझे वडील," मी पुटपुटले, "असंच आपलं, वेळ जावा म्हणून." ती तशीच निघून गेली आणि पाच मिनिटांत एक टोपली घेऊन परत आली. तिच्या आईच्या हातची. काळ्या अक्रोडाच्या टरफलांत रंगवलेल्या वेली, मधे तपकिरी पट्टा, पोट गोल आणि तोंड आवळतं.

बाबांनी ती हातात घेतली. आत पाहिलं, बाहेर पाहिलं, खिडकीच्या उजेडापुढे धरली. मग खाली बसले आणि मांडीवर ठेवली.  साठ वर्षं टोपल्या केलेला माणूस एका टोपलीपुढे गप्प झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"संगे," अखेर ते म्हणाले, "हिचा शेवट कुठं केलाय गं? काठाला बांधणी नाही. काठ बांधल्याबिगर टोपली उभी कशी राहती?"

मी विचारलं. वांडानं जमिनीवर बसून बोटानं दाखवलं. तळापासून सुरुवात करायची, भिंत वर न्यायची. काठाशी आलं की थांबायचं नाही, कापायचं नाही. त्याच काड्या बाहेरच्या बाजूला वाकवायच्या आणि आतल्या भिंतीभोवती दुसरी भिंत विणत पुन्हा खाली, तळाशी यायचं. आत एक टोपली, बाहेर एक टोपली. काड्या त्याच. जिथून निघाली तिथंच पोहोचून संपते, आणि ना खिळा, ना डिंक.

बाबांनी दोन भिंतींमधल्या फटीत करंगळीचं नख सरकवून पाहिलं. डोळे मिटून ते नुसतं बोटानं वाचत होते. मग टोपली कपाळाला लावली. देवाच्या प्रसादाला लावतात तशी. वांडाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची आई कधीच गेली होती, आणि तिच्या कामाला असा नमस्कार करणारा पहिला माणूस बहुधा नाशिकचा निघाला.

पुढचे पाच-सहा आठवडे रोज पहाटे सहाला, ऊन चढायच्या आत, ते दोघं वांडाच्या मागच्या अंगणात बसत. पहिले काही दिवस मी मधे भाषांतराला बसले. मग माझी गरज उरली नाही. वांडा एक काडी दाखवी, बाबा मान हलवत. बाबा सुरी वळवत, वांडा 'आह' म्हणे. ती त्यांना 'बाबा' म्हणू लागली, ते तिला 'वांडाबाई'. तिच्या आईनं उकळून ठेवलेल्या वेलींचं एकच बिंडं तिच्याजवळ उरलं होतं. खजुराच्या दांड्याचे खांब, म्हणजे उभ्या काड्या, करायचे आणि त्यात त्या वेली भरायच्या, असं त्या दोघांनी ठरवलं. कसं ठरवलं देव जाणे, कारण एकाला इंग्रजी येत नव्हतं आणि एकीला मराठी.

एका शनिवारी आम्ही त्यांना खजुराच्या बागांमध्ये वसलेल्या होफुफच्या बाजारात नेलं. तिथं एक म्हातारा हसावी, म्हणजे त्याच मुलखातला माणूस, चटईवर बसून खजुराच्या भिजवलेल्या पात्यांची लांबच लांब वेणी घालत होता. ती वेणी मग गोल गोल शिवून त्याची टोपली होते. बाबा सरळ त्याच्यासमोर जाऊन बसले. म्हाताऱ्यानं वर पाहिलं, बाबांच्या बोटांकडे पाहिलं, आणि काही न विचारता चार पाती त्यांच्या हातात दिली. वांडाही बसली. अरबी, मराठी, चेरोकी. तिघांच्या बोटांना सारखेच घट्टे, अंगठ्याच्या त्याच बाजूला. मी, नितीन आणि सई उभे राहून बघत होतो. एक हुसकावलेली जमात, वाळवंटातलं एक ओॲसिस, नाशिकची एक बुरूड गल्ली. हजारो मैलांच्या अंतरावर माणसाला एकच गोष्ट सुचली होती, की एक काडी वर न्यावी आणि एक खाली. एवढ्या एका विचारावर माणसानं पाणी सोडून जगातलं सगळं वाहून नेलं असेल. सई माझा हात ओढत म्हणाली, "मम्मा, आजोबांना हे कसं येतं?" मी म्हणाले, "घरी गेल्यावर सांगते." घरी गेल्यावर सांगितलं नाही.

सप्टेंबरअखेरीस वांडाच्या नवऱ्याची नोकरी संपत होती आणि बाबांच्या व्हिसाची मुदतही. जायच्या आधी कॅम्पच्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. वांडानं टेबल घेतलं, पण बसली खाली गालिच्यावर, आणि बाबांना शेजारी बसवलं. त्यांची टोपली काठ ओलांडून बाहेरच्या भिंतीनं अर्ध्यावर उतरली होती. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. तळ पायाच्या अंगठ्याखाली धरलेला. भोवती घोळका जमला. मी सईला घेऊन मागे उभी होते, आणि खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता आणि भीतीही. चोराच्या मनात चांदणं.

तेवढ्यात वैद्य वहिनी पुढे झाल्या. बाई मनानं चांगल्या. माझ्या बाळंतपणात डबे पाठवलेल्या. वाकून कौतुकानं म्हणाल्या, "अहो काका, काय हात आहे तुमचा! कुठं शिकलात हो हे?"

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

"हितंच शिकलो, ताई," ते म्हणाले. "ह्या वांडाबाईंनी शिकवलं. म्हाताऱ्या माणसाचा तेवढाच वेळ जातो."

आणि हसले. माझ्यासाठी केलेलं ते हसू मी ओळखलं.

वांडानं माझ्याकडे वळून विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

दहा वर्षांत मी पुष्कळ गोष्टी अर्धवट सांगितल्या होत्या. ही एक मात्र मला पूर्ण सांगावी लागली, त्यांचाच शब्द न् शब्द, इंग्रजीत. "ते म्हणतायत, की हे त्यांना तू शिकवलंस," मी म्हणाले.

वांडाचे हात थांबले. तिनं बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाली. रागानं नाही. मोजणी चुकलेल्याला सांगावं तशी.

 शेजारून उठून गेलेली ती मुलगी, ते दप्तर, सगळं त्या हॉलमध्ये आलं होतं. मग मी पाहिलं, की बाबांनी पाय मागे ओढून घेतलाय आणि अंगठा धोतराखाली झाकताहेत.

"वहिनी," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "ते खोटं सांगतायत. माझ्यासाठी. बाबा बुरूड आहेत. आजोबाही बुरूड होते. बाबांचा बिझनेस म्हणून मी सांगायचे ना, तो हे दोन हात आहेत. मी त्यांच्या शेजारी बसून बांबूच्या कामट्या सोलत मोठी झाले. मलाही येतं हे सगळं."

वैद्य वहिनींच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. ते काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. मग त्या म्हणाल्या, "अगं बाई, हो का!" आणि जरा थांबून, "मग इतकी वर्षं मी सुनेसाठी सूप शोधतेय, बोलली का नाहीस?" कुणी हसलं, कुणी पुढच्या टेबलाकडे गेलं. एवढंच झालं. सई माझ्या बाजूनं सुटली, चप्पल काढली आणि आजोबांजवळ जाऊन खाली बसली. "शो मी, आजोबा," म्हणाली. "मला दाखवा."

बाबांनी मान वर केली नाही. हात चालूच होते. आणि त्या चालत्या हातांत मला दिसलं, की जी वेल खांबावरून जायला हवी होती ती खालून गेली. बाबांना चूक खपत नाही. गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी वीणसुद्धा ते उसवून पुन्हा घालत, मग अंधार पडो की पोटात कावळे ओरडोत. वांडानंही ती पाहिली. तिनं वाकून त्या जागेवर बोट ठेवलं आणि उसवायला वेल सैल करू लागली.

बाबांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

"राहू द्या, वांडाबाई," ते म्हणाले. "लेक बोलली, तेव्हाची आहे ती."